चिमूटभर चुंबक, अख्खी स्कूटर बंद!

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलै महिन्यात पुण्यातून एक बातमी आली आणि ऑटो क्षेत्रातल्या भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. बजाज ऑटोचे राजीव बजाज म्हणाले, की ऑगस्टमध्ये आमचं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. ऐन गणपतीच्या तोंडावर! मागणी होती, कारखाना होता, कामगार होते, बॅटऱ्या होत्या. नव्हतं ते एकच. मोटरमधलं चुंबक. पुढे थोडा माल मिळाला आणि २० ऑगस्टच्या सुमारास चेतकचं उत्पादन पुन्हा रुळावर आलं. पण तोवर सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. लाख-सव्वा लाखाची स्कूटर काहीशे ग्रॅमच्या चुंबकापायी अडू शकते.

हे चुंबक साधं नाही. लोखंड, किंचित बोरॉन आणि साधारण तीस टक्के 'रेअर अर्थ' धातू यांचं ते मिश्रण. फ्रिजवर चिकटवतो त्या चुंबकापेक्षा हे कितीतरी ताकदवान, म्हणूनच मोटर लहान आणि हलकी ठेवता येते. तुमच्या इअरबड्समध्ये ते आहे, फोन व्हायब्रेट होतो त्या इवल्याशा मोटरमध्ये आहे, पवनचक्कीत आहे आणि क्षेपणास्त्रातही आहे. ४ एप्रिल २०२५ला चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि जगभरच्या कारखान्यांची झोप उडाली.

आता साहजिक प्रश्न येतो, की सगळं जग एकाच देशावर इतकं अवलंबून राहिलंच कसं? बाकीच्यांना खणता येत नव्हतं का? उत्तर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात थोडंसंच सापडतं. बरंचसं सापडतं ते जमाखर्चाच्या वहीत.

नाव मोठं, लक्षण खोटं

पहिला गैरसमज नावातच आहे. रेअर अर्थ म्हणजे १७ मूलद्रव्यं. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळी काढून ठेवलेली लँथॅनाइडची १५ जणांची रांग, अधिक स्कँडियम आणि यिट्रियम. बारावीला आपण ज्यांच्याकडे 'परीक्षेला येत नाहीत' म्हणून बघितलंही नाही, तीच ही मंडळी. यातलं किरणोत्सारी प्रोमेथियम सोडलं तर खरंखुरं दुर्मिळ कोणीच नाही. सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. सगळ्यांत कमी असणारं थुलियमसुद्धा सोन्यापेक्षा जास्त आहे.

मग अडचण कुठे? अडचण दोन आहेत. एक, हे धातू पसरलेले असतात. सोन्याची शिर सापडावी तसे एका जागी घट्ट क्वचितच मिळतात. दोन, मिळतात तेव्हा सगळे एकत्र मिळतात आणि त्यांचे रासायनिक गुणधर्म जुळ्या भावंडांसारखे असतात. एकाला बाजूला ओढायला गेलं की शेजारचा सोबत येतोच.

वेगळं करायची मुख्य पद्धत अशी. खनिज आम्लात किंवा अल्कलीत शिजवून विरघळवायचं. मग ते पाण्यातलं द्रावण एका तेलकट द्रावकासोबत घुसळायचं. एखादा धातू तेलात किंचित जास्त जातो, दुसरा पाण्यात किंचित जास्त राहतो. फरक इतका बारीक, की हीच घुसळण एकामागून एक शेकडो टाक्यांत करावी लागते. एवढं सगळं झालं, की हातात पावडर येते. तिचा धातू करायचा, धातूचा मिश्रधातू, त्याची पुन्हा भुकटी, चुंबकीय क्षेत्रात दाबून तिला भट्टीत भाजायचं, मग कापून चुंबक. खाणीचा खड्डा ही या साखळीतली सोपी कडी. पैसा, वेळ आणि डोकं लागतं ते पुढे.

आंब्याची पेटी आणि दोन हापूस

आता या धंद्याचं गणित बघू. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीचं खनिज घ्या. त्यातून १०० किलो रेअर अर्थ ऑक्साइड निघालं असं समजा. त्यात साधारण ५० किलो सेरियम, ३३ किलो लँथॅनम आणि जेमतेम १६ किलो निओडिमियम-प्रासिओडिमियम. चुंबकाला लागतं ते हे शेवटचं. उरलेल्या किलोभरात बाकीचे सगळे.

सेरियम आणि लँथॅनमचा भाव किलोला एक-दीड डॉलरच्या आसपास. म्हणजे ८३ किलो माल विकून हाती येणार शंभर-सव्वाशे डॉलर. निओडिमियम-प्रासिओडिमियमचा भाव ६० डॉलर धरला, तर १६ किलोचे होतात ९६० डॉलर. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा लक्षात येतो. पेटीभर आंबे विकत घ्यायचे, त्यातले दोनच हापूस निघायचे आणि सगळ्या पेटीचा खर्च त्या दोनांतून वसूल करायचा! बरं, उरलेले आंबे टाकूनही देता येत नाहीत. तेही वेगळे करण्याचा, साठवण्याचा खर्च झालेलाच असतो. या धंद्यात याला समतोलाचा प्रश्न म्हणतात. जगाला निओडिमियम जितकं जास्त हवं, तितका सेरियमचा ढीग वाढतो आणि त्याचा भाव आणखी पडतो.

चीनने हे कोडं दोन बाजूंनी सोडवलं. इनर मंगोलियातली बायन ओबो ही जगातली सगळ्यात मोठी रेअर अर्थ खाण, पण ती मुळात लोखंडाची खाण आहे. आपल्या साखर कारखान्याला साखरेसोबत मळी मिळते, तसं तिथे लोहखनिजासोबत रेअर अर्थ मिळतात. डोंगर फोडण्याचा खर्च लोखंडाच्या खात्यात जातो. कॅलिफोर्नियातल्या खाणीला ही सोय नाही. दुसरी बाजू म्हणजे दक्षिण चीनमधली चिकणमाती. तिच्यात रेअर अर्थचं प्रमाण अगदी कमी, पण त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियमसारखे 'जड' रेअर अर्थ असतात. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकते ती यांच्यामुळे.

शिवाय डोकंही त्यांनी आधीपासून लावलं. १९७०च्या दशकात पेकिंग विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ शू ग्वांगशियान यांनी टाक्यांच्या या लांबलचक मालिकेचं गणित मांडलं. कोणत्या टाकीत किती द्रावण, किती आम्ल, हे आधी कागदावर काढता येऊ लागलं. खर्च उतरला, शुद्धता वाढली. चीनमध्ये त्यांना रेअर अर्थचे जनक मानतात, ते उगाच नाही.

अमेरिकेने हातचं का घालवलं?

माउंटन पासचा शोध १९४९चा. युरेनियम शोधायला गेलेल्यांना भलतंच सापडलं. १९६०च्या दशकात कलर टीव्ही आला, त्यातल्या लाल रंगासाठी युरोपियम लागायचं आणि या खाणीचं नशीब फळफळलं. १९८०च्या दशकापर्यंत जगाला रेअर अर्थ पुरवणारं मोठं नाव हेच होतं. आज ज्या चुंबकावरून रामायण चाललंय, तेही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधलेलं.

मग चीनचा स्वस्त माल आला. १९९०च्या दशकात माउंटन पासच्या सांडपाण्याच्या पाइपमधून वाळवंटात गळती झाली, स्वच्छतेचा खर्च आणि नियम वाढले. दर मात्र चीन ठरवत होता. २००२ मध्ये खाण बंद पडली. त्याआधीच, १९९५ मध्ये जनरल मोटर्सने मॅग्नेक्वेंच ही आपली चुंबकाची कंपनी विकली होती. घेणाऱ्या गटात चिनी कंपन्या होत्या. हळूहळू यंत्रं आणि उत्पादन चीनला गेलं. तेव्हा या व्यवहारात कोणाला फारसं वावगं वाटलं नाही. स्वस्तात मिळतंय तर घरी कशाला बनवा, हा हिशेब प्रत्येक कंपनीपुरता बरोबरच होता.

आज खाणकामात चीनचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. धातू वेगळे करण्यात आणि चुंबकं बनवण्यात तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. साखळीत जितकं पुढे जाल, तितकी पकड घट्ट.

भाव चढतो, मग आपटतो

'चीनने अडवलं तर आपण नवी खाण काढू,' असं म्हणणं सोपं आहे. जगाने ते एकदा करून बघितलंय. २०१० मध्ये समुद्रातल्या बेटांच्या वादावरून चीन-जपान संबंध ताणले आणि जपानला जाणारा माल अडला. निर्यातीचा कोटाही आधीच आवळलेला होता. २०११ मध्ये काही धातूंचे भाव दहा-दहा पटींनी भडकले. मॉलिकॉर्प या अमेरिकी कंपनीने माउंटन पास पुन्हा उघडायला दीड अब्ज डॉलरच्या आसपास पैसा ओतला.

पुढे काय झालं? कारखान्यांनी चुंबकात डिस्प्रोसियम कमी वापरायला सुरुवात केली, काहींनी पर्याय शोधले. जागतिक व्यापार संघटनेत चीन २०१४ मध्ये खटला हरला आणि २०१५ मध्ये कोटा उठला. भाव कोसळले. त्याच वर्षी जूनमध्ये मॉलिकॉर्पने दिवाळखोरी जाहीर केली.

या बाजाराचा आकार लक्षात घेतला तर हे का होतं ते समजतं. तांब्याचा जागतिक बाजार वर्षाला दोनशे अब्ज डॉलरच्या वर जातो. रेअर अर्थ ऑक्साइडचा बाजार आहे काही अब्ज डॉलरचा. इतक्या छोट्या डबक्यात एका मोठ्या खेळाडूने थोडा जास्त माल सोडला तरी पाणी काठाबाहेर जातं. नवी खाण आणि कारखाना उभा राहायला सहज दहा वर्षं लागतात आणि भाव दोन वर्षांत जमिनीवर येऊ शकतो. अशा धंद्यात कोणती बँक कर्ज देईल?

तगून राहिली ती ऑस्ट्रेलियाची लायनस. तिला २०११ मध्ये जपानने अडीचशे दशलक्ष डॉलरचा आधार दिला आणि भाव पडल्यावरही हात सोडला नाही. मे २०२५ मध्ये याच कंपनीने मलेशियातल्या कारखान्यात डिस्प्रोसियम वेगळं काढून दाखवलं.

आता गंमत बघा. मुक्त बाजाराचं गुणगान गाणाऱ्या अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये काय केलं? माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्स या नव्या कंपनीला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा भाव दहा वर्षं मिळेल, अशी हमी दिली. त्या वेळच्या बाजारभावाच्या जवळपास दुप्पट! शिवाय संरक्षण खातं स्वतः कंपनीत भागीदार झालं. आपल्याकडे याला साधा शब्द आहे: हमीभाव. उसाच्या एफआरपीवरून आणि सोयाबीनच्या दरावरून आपण जो वाद ऐकत मोठे झालो, तोच वाद आता वॉशिंग्टनमध्ये चाललाय.

ही हमी ग्राहकाला किती महाग पडते? स्कूटरच्या मोटरमध्ये अर्धा किलो चुंबक धरा. त्यात दीडशे ग्रॅम रेअर अर्थ. ६० ऐवजी ११० डॉलरने घेतलं तर फरक पडतो साडेसात डॉलरचा, म्हणजे साधारण साडेसहाशे रुपये. प्रक्रियेतली घट आणि वाढीव खर्च धरून दुप्पट करा, तरी तेराशे. लाखाच्या स्कूटरवर!

तरीही कोणतीही कंपनी आपणहून हे पैसे मोजत नाही, कारण शेजारची कंपनी स्वस्त चिनी चुंबक लावून गाडी विकणार असते. एकट्याने विमा काढला तर तोटा, सगळ्यांनी मिळून काढला तर फायदा. अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात ते 'बाजाराचं अपयश' म्हणजे नेमकं हेच.

बिलात न दिसणारा खर्च

चिनी माल स्वस्त होता, त्याला आणखी एक कारण आहे. त्या भावात नदीची किंमत धरलेली नव्हती. दक्षिण चीनमध्ये डोंगरात भोकं पाडून अमोनियम सल्फेट ओतायचं आणि पायथ्याशी झिरपलेलं द्रावण गोळा करायचं, अशी पद्धत होती. झिरपायचं ते फक्त टाकीत नाही, विहिरींत आणि शेतांतही. २०१२ मध्ये चीनच्याच उद्योग खात्याच्या उपमंत्र्यांनी सांगितलं, की एकट्या गांझोऊ भागाची साफसफाई करायला ३८ अब्ज युआन लागतील. चीनने घरी नियम कडक केले, तेव्हा हीच खोदाई सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन प्रांतात सरकली. तिथे यादवी चालू असल्याने नियम पाळायला लावणारं कोणी नाही. प्रदूषण संपलं नाही, त्याचा फक्त पत्ता बदलला.

मलेशियाने हे आधीच भोगलं होतं. इपोहजवळच्या बुकित मेराह गावात जपानी भागीदारीतला रेअर अर्थ कारखाना होता. त्याच्या किरणोत्सारी कचऱ्यावरून गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि १९९४ मध्ये कारखाना बंद झाला. त्यामुळेच लायनसचा कारखाना मलेशियात आला तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले.

आणि आपण?

आपली गोष्ट तर आणखी चुटपुट लावणारी आहे. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, हे १९०९ मध्येच लक्षात आलं होतं. तेव्हा ते हवं होतं थोरियमसाठी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्तीची पांढरी जाळी थोरियमचीच बनायची. १९४८ पर्यंत जगाचा बहुतेक रेअर अर्थ पुरवठा भारत आणि ब्राझीलच्या वाळूतून होत होता. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळात अलुवाचा कारखाना सुरू झाला. आज आयआरईएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सरकारी कंपनीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. म्हणजे आपण या शर्यतीत चीनच्या कितीतरी आधी उभे होतो.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार भारताकडे ६९ लाख टनांचे साठे आहेत, जगात वरच्या रांगेतले. २०२४ मध्ये आपण काढले २,९०० टन. चीनने त्याच वर्षी काढले २ लाख ७० हजार टन.

एवढी तफावत का? एक कारण थोरियमच. आपल्या मोनाझाइटमध्ये ते ८ ते १० टक्के असतं आणि अणुकार्यक्रमासाठी जपून ठेवायचं असतं. त्यामुळे मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि खासगी कंपन्यांना त्यात शिरकाव नव्हता. दुसरं कारण, वाळू जिथे आहे तिथे माणसं राहतात. केरळच्या आलप्पाड गावातल्या मच्छीमारांनी, किनारा खचतोय म्हणून वाळू उपशाविरुद्ध मोठं आंदोलन केलं. त्यांची तक्रार 'विकासविरोधी' म्हणून झटकून टाकता येत नाही. घर समुद्रात चाललंय, ते त्यांचं. तिसरं कारण, आपल्या मोनाझाइटमध्ये जड रेअर अर्थ अगदी थोडे आहेत.

पण सगळ्यात मोठं कारण चौथं. पावडरच्या पुढचे कारखानेच आपल्याकडे उभे राहिले नाहीत. २०१२च्या करारानुसार आयआरईएलचा माल टोयोटा समूहाच्या कंपनीमार्फत जपानला जात होता. रॉयटर्सच्या बातमीनुसार २०२४ मध्ये असा हजार टनांहून जास्त माल गेला आणि जून २०२५ मध्ये सरकारने तो थांबवायला सांगितलं. इतकी वर्षं तो का जात होता? कारण इथे विकत घेणारं कोणी नव्हतं. चुंबकाचा कारखाना नाही म्हणून पावडरला गिऱ्हाईक नाही, आणि पावडर नाही म्हणून कारखाना नाही.

ही गाठ सोडवायला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबकं देशात बनवण्याचं लक्ष्य आहे. पैसा ठीक आहे, पण चीनने उद्या भाव पाडला तर काय, हा प्रश्न उरतोच. मॉलिकॉर्पलाही पैसा कमी पडला नव्हता. तिला कमी पडला टिकाऊ भाव. उत्पादन सुरू झाल्यावर पहिल्या मंदीत सरकार आणि गाड्यांच्या कंपन्या त्यामागे उभ्या राहतात का, यावर सगळं अवलंबून आहे.

यात तुमचं काम काय?

थोडं आहे. आयटी आणि एमबीएच्या गर्दीत मेटलर्जीच्या जागा शेवटी भरतात, हे तुम्हालाही माहितीय. पण शेकडो टाक्यांची मालिका अचूक चालवणारा केमिकल इंजिनीअर, भट्टीचं तापमान ओळखणारा धातुशास्त्रज्ञ, जुन्या मोटरमधून चुंबक परत काढण्याची पद्धत बसवणारा संशोधक, ही माणसं योजनेच्या घोषणेबरोबर तयार होत नाहीत. मुंबईची आयसीटी, पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, पवईचं आयआयटी यांचे हे विभाग आणि बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल आपल्या हाताच्या अंतरावर आहेत. कॉमर्सवाल्यांनाही काम आहेच. हमीभाव किती ठेवायचा, राखीव साठा किती करायचा, कचऱ्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, ही गणितं अजून कोणीतरी मांडायचीच आहेत.

दुसरं काम ग्राहक म्हणून. येत्या दोन-तीन वर्षांत भारतात बनलेल्या चुंबकाची स्कूटर शोरूममध्ये येईल. ती कदाचित हजार-दीड हजारांनी महाग असेल. सेल्समन ते सांगणारही नाही, आपण मात्र विचारायला हवं. चुंबक कुठलं, आणि ते बनवताना निघालेला कचरा कुठे गेला, हे दोन्ही.